भिंती काढायला हरकत नाही

मी इमारतींचा इंजिनिअर आहे आणि शाळेचे मुख्याध्यापक माझे मेहुणे आहेत. या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब राहिल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण बायकोच्या धाकट्या भावाला नाही म्हणण्याचं धाडस माझ्यात लग्नाच्या दिवसापासून नाही, आणि हे त्याला माझ्याही आधी कळलं होतं.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. पानं वाढेपर्यंत त्यानं शाळेचा नकाशा माझ्यासमोर पसरला. तळमजल्यावर चार वर्ग होते. त्यांच्यामधल्या तीन भिंती पाडून एक ऐसपैस हॉल करायचा होता. वरचे दोन मजले जसेच्या तसे राहणार होते. भिंतींवर वजन आहे का, एवढंच त्यानं विचारलं. इमारत खांबांवर उभी होती, भिंती नुसत्या मध्ये घातलेल्या. 'भिंती काढायला हरकत नाही' असं मी लिहून दिलं, खाली सही ठोकली आणि जेवायला बसलो. जागेवर जाऊन बघायचं राहिलं. शाळा काय सातासमुद्रापार नव्हती, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होती. जवळ आहे, कधीही जाता येईल, म्हणून कधीच गेलो नाही.

यंदा वरून परिपत्रक आलं की भूकंप, पूर, वादळ यांपासून इमारती कशा वाचवायच्या हे मुलांना शिकवा, तेही हातानं करून. मेहुण्याला फुकटचा इंजिनिअर हवा होता आणि घरातच एक पडून होता. नववीचा वर्ग, आठ शनिवार.

खोटं कशाला बोलू, मला मजा आली. समोर चाळीस मुलं, हातात खडू आणि उलट बोलायला बायको नाही. दुसऱ्याच शनिवारी मी फळ्यावर एक इमारत काढली. वर भिंती गच्च, खाली सगळं मोकळं. जमीन हलली की वरचे मजले एकसंध हलतात आणि सगळा पीळ खालच्या खांबांवर येतो, मग ते मोडतात, असं समजावलं. वर हेही सांगितलं की अशी इमारत बांधणारा गाढव आणि तिला परवानगी देणारा महागाढव. वर्ग पोट धरून हसला. मीही हसलो. त्या क्षणी मला माझं पत्र आठवलं नाही, अगदी शपथेवर सांगतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्या जन्माच्या आधीच तयार होती हे एक बरं झालं.

मग मुलांनी गट पाडून आईस्क्रीमच्या काड्या आणि पुठ्ठ्याची मॉडेलं करायला घेतली. एकानं दवाखाना केला, एकानं पाण्याची टाकी. मुलींच्या एका गटानं शाळाच घेतली. त्या गटाची म्होरकी जी मुलगी, तिला वर्ग फूटपट्टी म्हणायचा, कारण ती दिसेल ते मोजायची. तिनं तीन दुपारी टेप घेऊन शाळा मोजली. खांब किती, भिंती कुठे, खिडक्या केवढ्या. माझ्या ऑफिसातल्या पोरांनी याच्या निम्मं केलं तरी मी पेढे वाटीन, असं मी तिला सर्वांसमोर म्हणालो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चाचणी होती. गोट्यांवर ठेवलेली फळी, तिला मोटर जोडलेली, असं आमचं भूकंपाचं टेबल. ते त्याच नव्या हॉलमध्ये मांडलं होतं. दवाखाना टिकला, टाकी डुगडुगली पण टिकली. शाळा ठेवली, मोटर सुरू केली, आणि सात सेकंदांत ती एका बाजूला कलून बसली. वरचे दोन मजले धड होते. खालचा राहिलाच नव्हता.

फूटपट्टीनं वाकून पाहिलं आणि शांतपणे वहीत सात लिहिलं. मी मात्र मान वर करून छताकडे बघितलं. आमच्या डोक्यावर दोन मजल्यांचे वर्ग होते आणि त्यांच्याखाली मधे एकही भिंत उरली नव्हती.

मेहुण्यानं मला ऑफिसात बोलावलं आणि दार लोटलं. उद्या चारशे पालक येणार, हॉलला पैसे देणारे पाहुणे पहिल्या रांगेत बसणार, आणि त्यांच्यासमोर शाळा आडवी पडणार, हे त्याला नको होतं. खालच्या मजल्यात चार काड्या जास्त घाला, एवढंच त्याचं म्हणणं.

"सही तुमची आहे, भाऊजी," तो म्हणाला. "मी तुमचीच अब्रू सांभाळतोय."

आता इथे मी बाणेदारपणे काहीतरी बोललो असेन असं तुम्हाला वाटत असेल. मी म्हणालो, बरं. हॉलमध्ये परत गेलो आणि मुलींना खालच्या खांबांमध्ये तिरक्या काड्या फुलीसारख्या लावायला सांगितल्या. ही पद्धत चांगली आहे, खऱ्या इमारतीतही लोखंडाच्या अशा फुल्या घालतात, वगैरे ज्ञानही पाजळलं. मॉडेल दुरुस्त झालं, पुन्हा हलवलं, दोन मिनिटं उभं राहिलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. फूटपट्टीनं वाजवल्या नाहीत.

"सर, आता हे कुठल्या शाळेचं मॉडेल आहे?" तिनं विचारलं.

उद्धटपणे नाही हो. तिला खालच्या पाटीवर काय लिहायचं ते खरंच विचारायचं होतं.

मी तिच्याच वहीतला एक कागद मागून घेतला. माझं दोन वर्षांपूर्वीचं पत्र चुकीचं आहे, हॉल आणि वरचे मजले आजच रिकामे करा, खांब मजबूत करून लोखंडी फुल्या घातल्याशिवाय आत कोणाला बसवू नका, असं लिहून सही केली. एक प्रत मेहुण्याच्या टेबलावर ठेवली आणि दुसरी, तो बघत असतानाच उचलून, नगरपालिकेत नेऊन दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मेहुण्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. बायको बोलते, पण ते न बोलण्याहून वाईट आहे. प्रदर्शन मैदानात उन्हात झालं आणि पाहुणे चहा न घेता निघून गेले.

सोमवारी शाळा मैदानातल्या मांडवात भरली. मी नववीसमोर उभा राहिलो आणि सांगितलं की त्या शनिवारी ज्याला महागाढव म्हणालो होतो, तो मी. हसतील असं वाटलं होतं. कोणी हसलं नाही.

फूटपट्टी उभी राहिली. "सही करायच्या आधी तुम्ही बघायला आला होतात का, सर?"

"नाही."

"माझी बहीण दुसरीत आहे," ती म्हणाली. "तिचा वर्ग हॉलच्या बरोबर वर होता. दोन्ही वर्षं."

ती अजून उभीच होती, मी काही बोलेन म्हणून. मी तिला खाली बस म्हणालो, आणि ती बसली.