उजवे पाखरू आणि त्याची जोडी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले तर ओळखणार नाही. पण माझे काम कदाचित तुमच्याच कपाटात जपून ठेवलेले असेल. हाताने केलेल्या एखाद्या शुभेच्छापत्रावर खिडकीत बसून उजवीकडे पाहणारे एक लहानसे पाखरू दिसले, तर ती माझी खूण समजा. मी ठसा आहे, आता जुना झालेला. खाली रबर, वर लाकूड, आणि त्या लाकडाला बोटे लागून लागून चढलेली चकाकी. रबराला बारीक भेगा पडू लागल्या आहेत. पण देवाची कृपा, अजून शाई धरतो.

माझा जन्म एका मोडक्या खुर्चीतून झाला. हसू नका, खरेच सांगतो. मी ज्या घरात राहतो त्या घरातल्या वडिलांची ती खुर्ची. रोज सकाळी तिच्यावर बसून ते डोळे मिटून भजन म्हणत. ते गेल्यावर काही दिवसांनी खुर्चीचा एक पाय निखळला. घरात तेव्हा तिघे होते : थोरला मुलगा, त्याची बायको आणि धाकटी मुलगी. धाकटी भावाला दादा म्हणे आणि भावजयीला वहिनी. वहिनी तिला लाडाने चिमणी म्हणे. मीही त्यांना याच नावांनी ओळखतो.

दादा खुर्ची भंगारात द्यायला निघाला, तशी चिमणी आडवी आली. "पाय तरी ठेव. बाबांचे हात फिरलेत त्याच्यावर."

तिने कागदावर दोन पाखरे काढली, एकमेकांकडे तोंड करून बसलेली. तो कागद आणि खुर्चीचा पाय घेऊन ती ठसे करणाऱ्या कारागिराकडे गेली. रस्त्याच्या टोकाला त्याचे टीचभर दुकान होते. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभे राहायचे. त्याने पाय कापून दोन ठोकळे काढले आणि दोन रबरी तुकड्यांवर पाखरे उलटी कोरली. उलटी, कारण ठशावर जे डावीकडे पाहते ते कागदावर उजवीकडे पाहते. माझे तोंड एकीकडे आणि माझ्या चित्राचे दुसरीकडे, अशी आमची जन्माची तऱ्हा. कागदावर उजवीकडे पाहणारा मी उजव्या ठरलो आणि माझा जोडीदार डाव्या.

माझा पंख कोरताना तिसऱ्या पिसापाशी कारागिराचे पाते जरा घसरले. एक बारीकशी खाच पडली. तो चुकचुकला. "ताई, दुसरा करून देतो."

चिमणीने खाचेवरून बोट फिरवले. "नको हो. असू दे. हा आपला, म्हणून ओळखता येईल."

ही खाच ध्यानात ठेवा, मित्रांनो. कीर्तनकार बुवा पूर्वरंगात एखादी गोष्ट सांगून ठेवतात आणि उत्तररंगात पुन्हा तिच्यापाशी येतात ना, तसे मलाही तिच्यापाशी परत यायचे आहे.

निघताना कारागीर म्हणाला, "ठशाला जोर लावायचा नाही बरं का. नुसता भार द्यायचा. जोर लावला की शाई पसरते."

मग सुरू झाले आमचे कामाचे दिवस. खिडकीपाशी एक लांब टेबल होते. त्यावर जांभळ्या, मातकट आणि गडद हिरव्या शाईचे स्टॅम्पपॅड, रंगांच्या वड्या, जाड पांढरा कागद. टेबलाच्या टोकाला दोन रुळांचे एक यंत्र. खाली एक प्लेट, तिच्यावर कागद, कागदावर खिडकीच्या आकाराची पातळ पोलादी डाय, म्हणजे कागद कापायचा साचा, आणि सगळ्यांच्या वर आणखी एक प्लेट. ही चळत रुळांत सरकवून दादाने हँडल फिरवले की कर्रकर्र आवाज करत ती पलीकडे निघे, आणि कागदात दोन झडपांची सुबक खिडकी कापलेली असे. झडपा बाहेर दुमडल्या की मोकळ्या खिडकीतून आतला कोरा कागद दिसे. त्या कागदावर वहिनी मला टेकवी, चिमणी डाव्याला. दोघी एकाच वेळी भार देत. ठसे उचलले की दोन पाखरे समोरासमोर बसलेली! मग चिमणी ओल्या कुंचल्याने रंग भरी आणि वहिनी घडी पक्की करी.

काम हाताने चाले आणि तोंड त्याहून जास्त.

"चिमणे, माझा चष्मा पाहिलास का गं?"

"तुझ्या डोक्यावर आहे, वहिनी."

"मला माहीत होतं. तुझं लक्ष आहे की नाही ते बघत होते."

आमची पत्रे लांबलांब गेली. एका नर्सबाईंनी सांगितले होते की त्यांच्या वॉर्डातल्या एका आजींनी आमचे पत्र उशाशी उभे करून ठेवले होते, आणि रोज सकाळी त्या आधी पाखरांना विचारत, "झोप झाली का रे?" हे ऐकून वहिनीने मला पुसता पुसता कपाळाला लावले. एवढे प्रेम वाट्याला येणारे ठसे थोडे.

पण माणसांचे प्रेम ओल्या शाईसारखे असते, मित्रांनो. धक्का लागायला वेळ लागत नाही.

एकदा भेटवस्तूंचे दुकान चालवणारे एक काका घरी आले. पत्रे पाहून खूश झाले. "कोण करतं हो हे सगळं?"

वहिनी पाण्याचा पेला पुढे करत होती. बोलण्याच्या ओघात म्हणाली, "मीच करते. ही मदत करते थोडीफार."

चिमणीचा कुंचला जागीच थांबला. रंगाचा एक थेंब पाखराच्या डोळ्यावर पडला. काका निघून गेले. दार लागले आणि ती म्हणाली, "थोडीफार मदत?"

"अगं, बोलायची एक रीत असते."

"पाखरं माझी. रंग माझे. ठसे बाबांच्या खुर्चीचे. आणि मी मदतीला!"

"आता शब्दाचा कीस पाडणार आहेस का? परक्या माणसासमोर काय तुझी आरती म्हणायला हवी होती?"

"आरती नको होती. नाव घेतलं असतंस तरी पुष्कळ होतं."

दादा आत आला. "मी काय म्हणतो, जरा चहा..."

"तू गप्प बस!" बहीण म्हणाली.

"तुम्ही गप्प बसा!" बायको म्हणाली.

तेवढ्या एका गोष्टीवर त्या दिवशी दोघींचे एकमत झाले.

चिमणीला गावाच्या दुसऱ्या टोकाला नोकरी लागली होती आणि तिथे खोली पाहणे चालूच होते. ती लवकरच राहायला गेली. जाताना तिने डाव्याला रुमालात गुंडाळले. "एक तुझा, एक माझा," एवढेच म्हणाली. एकाच खुर्चीच्या पायाचे आम्ही दोघे भाऊ, त्या दिवशी पहिल्यांदा वेगळे झालो.

वहिनीने हट्टाने काम चालू ठेवले. तीच खिडकी, तोच कागद. पण आता खिडकीत मी एकटा, रिकाम्या बाजूकडे टक लावून. दुकानदार काका पत्र हातात धरून म्हणाले, "हे पाखरू कोणाची वाट बघतंय हो?"

"बसची," वहिनी म्हणाली, आणि तोंड फिरवून कात्री शोधू लागली. कात्री तिच्या हातातच होती.

त्यानंतर तिने पत्रे केली नाहीत. मला खणात टाकले, तेही न पुसता. पिसांच्या रेघांत शाई वाळून बसली. अंधारात पडल्या पडल्या मला टेबलापाशी चाललेले बोलणे ऐकू येई.

"फोन कर तिला," दादा म्हणे.

"मी का म्हणून? धाकटी ती आहे."

"ती म्हणते, थोरली तू आहेस. माझं त्या डायखालच्या कागदासारखं झालंय. वरून एक प्लेट, खालून एक प्लेट, आणि हँडल फिरवायलाही मीच!"

वहिनी हसायची नाही. आपले चुकले हे तिला पहिल्याच दिवशी कळले होते, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो. कारण खण उघडून माझ्याकडे पाहून पुन्हा लावून टाकताना तिचा चेहरा मी पाहत असे. शब्द ओठांपर्यंत येत आणि माघारी फिरत. असे बरेच महिने गेले.

मग चिमणीचा वाढदिवस जवळ आला. ती पहिल्यांदा शाळेत गेली त्या वर्षापासून वहिनीच्या हातचे पत्र तिला चुकले नव्हते. या वर्षी ते गेले नाही, तर दोघींमधला शेवटचा धागाही तुटेल, हे वहिनीला उमगत होते. तिने मला बाहेर काढले. ओल्या फडक्याने आणि मऊ ब्रशने एकेक पीस स्वच्छ केले. अंगाला गार पाणी लागले तेव्हा काय वाटले म्हणून सांगू! देवळाच्या पायरीवर बसलेल्याला कोणीतरी हाताला धरून आत नेले, तसे वाटले.

दादाने न विचारता हँडल फिरवले. खिडकी कापली गेली. आतल्या कागदावर वहिनीने मला डाव्या बाजूला टेकवले. मी उमटलो, उजवीकडे पाहत. समोरची जागा रिकामी. वहिनी तिच्याकडे पाहत राहिली. डोळे भरून आले तसे चष्मा कपाळावर सरकवून तिने ते पुसले, आणि नेहमीप्रमाणे चष्मा डोक्यावरच विसरली. दुसरे पत्र करून पाहावे म्हणून मला पुन्हा शाईवर टेकवून तिने टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर दाबले.

तो कागद नव्हता. ते रुंद, पांढरे खोडरबर होते.

"अगं बाई! हे काय करून बसले मी!" तिने खोडरबर उचलले आणि पुसायला फडके शोधता शोधता एका कोऱ्या तुकड्यावर पालथे ठेवले. उचलले, तर खाली एक पाखरू. फिकट, जरासे मऊ कडांचे, आणि डावीकडे पाहणारे! माझेच चित्र खोडरबरावर उमटून पुन्हा कागदावर उलटताना फिरले होते.

वहिनी पुढे वाकली. तिने चष्मा नाकावर घेतला. मग मला नीट शाई लावली, खोडरबरावर हलकेच टेकवले, आणि ते खोडरबर पत्रातल्या रिकाम्या जागी ठेवून भार दिला. खिडकीत एक गडद पाखरू आणि एक फिकट, समोरासमोर. मी स्वतःकडेच पाहत होतो. पण खरे सांगतो, मला डाव्याच आठवत होता.

आत लिहायला तिला एक शब्द सुचेना. शेवटी "चिमणीस" एवढे लिहून तिने पाकीट बंद केले.

पत्र पोचले आणि दुसऱ्याच दिवशी चिमणी आली. चपला न काढता, दार न वाजवता, हातात ते पत्र.

"वहिनी! हा नवा ठसा कोणाकडून करून घेतलास?"

"कुठला नवा?"

"हा! डावीकडे बघणारा! मी माझा नेला, तर तू लगेच दुसरा आणून बसवलास? वाढदिवसाला हेच कळवायचं होतं का, की तुझ्यावाचून माझं काही अडत नाही?"

दादाने वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरले. मी टेबलावर गोठून गेलो. आता वहिनीची जीभ सुटणार, आणि जे जुळत आले होते तेही विस्कटणार! पण वहिनी जागची उठली नाही. फक्त म्हणाली, "नीट बघ. तिसऱ्या पिसापाशी."

चिमणीने पत्र उजेडात धरले. गडद पाखराच्या पंखावर खाच होती. फिकट पाखराच्याही पंखावर तीच खाच होती.

"दोघांना कशी?" तिचा आवाज खाली आला.

"दोघं नाहीत गं. एकच आहे तो. खोडरबरावर मारला आणि उलटा करून टेकवला." वहिनी पदराशी चाळा करत होती. "दुसरा आणायला मी काय वेडी आहे? तुझी जागा रिकामी बघवेना, म्हणून त्याचीच सावली बसवली."

चिमणीने पत्र हलकेच टेबलावर ठेवले. मग वहिनीच म्हणाली, "त्या दिवशी तुझं नाव घ्यायला हवं होतं मी. आधी जीभ घसरली, आणि नंतर जड झाली."

चिमणी मटकन खुर्चीत बसली. तिने पिशवीत हात घातला आणि तोच रुमाल बाहेर काढला. आत डाव्या होता, लख्ख पुसलेला. "मी याचं एकही कार्ड केलं नाही, वहिनी. दोनदा मारून पाहिला. नुसता भिंतीकडे बघत बसतो."

"माझा बसची वाट बघत होता."

आधी दादा हसला, वर्तमानपत्राच्या आडून. मग दोघी हसल्या, आणि हसता हसता दोघींनी एकाच फडक्याने डोळे पुसले. फडके शाईचे होते. दोघींचे गाल जांभळे झाले, आणि ते कोणी कोणाला सांगितले नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे भाऊ पुन्हा एका कागदावर टेकलो. वहिनीने मला जरा जास्तच दाबले. चिमणी हळूच म्हणाली, "जोर नको, वहिनी. भार."

चिमणी आपल्या खोलीवरच राहते. पण सुटीचा दिवस आला की टेबलापाशी हजर. पुढे एकदा दुकानदार काका एका नव्या गिऱ्हाईकाला घेऊन आले. गिऱ्हाईकाने पत्रे उलटसुलट पाहिली आणि विचारले, "कोण करतं हो हे?"

वहिनी म्हणाली, "सगळी कल्पना हिची. मी मदत करते."

"थोडीफार," चिमणी म्हणाली.

मित्रांनो, आता माझे फार दिवस उरले नाहीत. एक दिवस भेगा वाढतील आणि माझे पाखरू अर्धेच उमटेल. त्याचे मला दुःख नाही. ज्या देवाने या माणसांना हात दिले तोच नवा ठसाही घडवील. माझी एवढीच विनवणी : काम झाले की आम्हाला पुसून ठेवा, उन्हात टाकू नका, आणि जोडीतला एक कधी वेगळ्या खणात ठेवू नका. टेबलाच्या पलीकडे बसून कोणी तुमच्याबरोबर काम करत असेल, तर विचारणाऱ्याला आधी त्याचे नाव सांगा.

आणि घरी आमचे पत्र असेल, तर आज ते काढून उलटून पाहा. अलीकडे त्या दोघी पत्र पुरे झाले की मागे आपापला अंगठा शाईत टेकवून उमटवतात, अगदी शेजारी शेजारी. त्या दोन ठशांपुढे आम्ही ते काय ठसे!