पाच कुलुपांचं पत्र

बाजारच्या दिवशी कुलूपबुवाच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसे. नवरे मुंबईला गिरणीत असलेल्या बाया कार्डं घेऊन रांगेत बसत. बुवा त्यांचं पत्र लिही आणि त्याला मंत्राचं कुलूप घाली. एका कुलपाला एक नारळ.

"पाकीट वाफेवर उघडतं बाय, विद्या उघडत नाय," म्हणत तो 'आगबोट'चं 'आजगोत' करून दाखवी, की बाया हात जोडत. उघडायची युक्ती नवऱ्यांना शिमग्यात कानात सांगितलेली. दोन कुलुपं दुप्पट बळकट, पाच तर देवालाही उघडायची नाहीत म्हणे.

मी शाळामास्तर. दोन वर्षं घसा कोरडा केला, कोण ऐकतो?

मग हौसाने पाच नारळ दिले. तिला लिहावाचायला येत नव्हतं. शेतीला माणूस हवं म्हणून दीर रावजी तिला नवऱ्याकडे पाठवीना. तिने गुपचूप लिहून घेतलं: गुरुवारच्या आगबोटीने येते, धक्क्यावर या. पाच कुलुपांच्या भरवशावर टपालात टाकायला कार्ड दिलं रावजीच्याच हाती. गुरुवारी त्याने तिला माजघरात कोंडलं, आणि नंतर हसत सांगत सुटला, की पत्र साफ वाचता येत होतं.

बुवा म्हणाला, "बाईची श्रद्धा कमी पडली." लोकांनी माना डोलावल्या. माझं डोकं फिरलं. पुढच्या बाजारी शाळेचा फळा उचलून मी थेट पडवीत नेला.

"मुळाक्षरांच्या पाच ओळी. क, च, ट, त, प. याचं कुलूप म्हणजे प्रत्येक अक्षर एक ओळ खाली. प च्या ओळीतलं परत क च्या ओळीत. 'य'पासून पुढची तशीच. आता बघा."

आगबोट. आजगोत. आडजोप. आदडोक. आबदोच. पाचव्या कुलपाला मी लिहिलं, आगबोट.

रांगेतल्या बाया फळ्याजवळ सरकल्या.

"दुसरं कुलूप पहिल्यावर बसत नाही, त्याच्या जागी बसतं. दोन घाला, चार घाला, खाली सरकत गेलं की चार खेपांच्या आत उघडतं. पाचवं घातलं की दार सताड उघडं. बुवाला लिहिताना हे दिसलं नसेल? दिसलं. पाच नारळ मिळत होते, गप्प बसला."

बुवा नारळ आवरू लागला. तेवढ्यात मागून बाबल्याने विचारलं, "मास्तर, मग सहा घातली तर?"

खडू त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं. पण बायांत बसलेली हौसा बोटं मोजून म्हणाली, "सहा म्हंजे एकच, बाबल्या."

"बाबांनो," मी म्हणालो, "मंत्र किती वेळा म्हटला ते मोजू नका. तो करतो काय, ते एकदा तरी विचारा."

हौसा पडवीच्या कडेला उभ्या रावजीकडे वळली. "भावोजी, सोमवारच्या बोटीने मी जातंय. सगळ्यांच्या देखत सांगतंय. आता लपवायचं काय नाय."

सोमवारी बंदरावर तिच्याबरोबर रांगेतल्या सोळा बाया उभ्या होत्या. रावजी लांबूनच बघत राहिला.