आणखी चार हजार दिवस

केशरी दिवा मिटला... तांदळाच्या दाण्याएवढा, मशीनच्या कपाळावर एका कोपऱ्यात, आत्तापर्यंत कसा लुकलुकत होता, जणू आत कुणीतरी धावपळ करतंय, सामान लावतंय — आणि मिटला. म्हणजे थांबलं. म्हणजे परत फसलं. पडद्याकडे बघायच्या आधी थोडा वेळ दिव्याकडेच बघायचं असं यू-छिंगनं ठरवलं, कारण तोवर ते फसणं नुसतं तिच्या मनात होतं. पडद्यावर ते तांबड्या अक्षरांत असणार.

होतंच. तिसऱ्यांदा.

आणि तरी — हे कुणाला सांगायचीही सोय नाही — तिला मजा येत होती! दुपारी तीनला मंदिरामागच्या सभागृहात म्हातारी मंडळी जमणार, समोर टेबलांवर जुने संगणक ओळीनं मांडलेले, त्यांतल्या हार्ड डिस्क कुठल्याशा कचेरीनं देतानाच काढून घेतलेल्या — नुसते डबे. डब्यात एक चकती सरकवायची, आणि चकतीवरूनच सगळं उठून उभं राहायला हवं : लिनक्स, मोठी अक्षरं, नातवंडांशी बोलायची सोय, बोटीच्या वेळांचं आणि वाऱ्याच्या अंदाजाचं पान. नाही उठलं, तर सोमवारी भंगारवाला येऊन डबे उचलणार. अध्यक्षबाईंनी तसं त्याला सांगूनही ठेवलं होतं. आणि ती चकती घडवायची होती यू-छिंगला, कारण गेल्या आठवड्यात वस्तीच्या भर सभेत अध्यक्षबाईंनी "हे कोण बघणार?" म्हटल्यावर मागच्या रांगेतून आवाज आला होता, "मी." कुणाचा म्हणून तिनंही मान वळवून बघितलं होतं. तिचाच.

फोन घरघरला. च्या-मी, तिची मैत्रीण. तोंडात काहीतरी भरून.

"काय गं, झाली का तुझी डिस्क?"

"फसली."

"परत? अगं, मशीनवर कुरकुऱ्यांचं पाकीट ठेवलंयस ना?"

"ठेवलंय."

"हिरवं?"

"हिरवंच. पिवळं ठेवायला मी काय वेडी आहे?"

"मग तारीख बघ त्याच्यावरची. मुदत उलटलेलं पाकीट असलं की मशीन दुप्पट रुसतं. मामाच्या ऑफिसात अख्खा दिवस सगळं बंद पडलं होतं, शेवटी कळलं, कुणीतरी गुपचूप खाऊन रिकामं पाकीट फुगवून ठेवलेलं!"

"तूच असशील ती."

"मी खाल्लं असतं तर फुगवत बसले असते होय? हे बघ, तीनला मी पुढच्या रांगेत बसणारे. तू रडलीस तर फोटो काढणारे."

फोन बंद. तिनं हसत हसत पाकीट उचललं. मुदत पुढच्या वर्षापर्यंत. मशीन रुसू नये म्हणून इथे सगळेच ठेवतात तसं ते बिचारं हिरवं पाकीट आपलं काम चोख करत होतं... मग चूक कुठे? पहिल्या फेरीनंतर तिनं खेळ काढून टाकले — जागा पुरत नसेल. दुसऱ्या फेरीनंतर सर्व्हर बदलला, ताइपेईचा सोडून जपानचा धरला — वाट बिघडली असेल. दोन्ही वेळा तिनं वाचली होती फक्त शेवटची ओळ, 'घडण अपुरी राहिली'. आणि शाळेतल्या संगणक क्लबचे सर तर वर्षभर कानीकपाळी ओरडतायत : शेवटची ओळ नुसती रडते, पोरांनो, काय दुखतंय ते पहिली सांगते! मी रडणाऱ्या ओळीचेच डोळे पुसत बसले होते.

ती वर वर जात राहिली. पांढऱ्या ओळी, पांढऱ्या ओळी, आणि मग पहिली तांबडी —

सर्व्हरवरची ही यादी अजून ग्राह्य नाही. आणखी चार हजार अठरा दिवसांनी ग्राह्य होईल.

तिनं पुन्हा वाचलं. चार हजार दिवस! म्हणजे मशीन म्हणतंय, आत्ता नको, अकरा वर्षांनी ये... हे वाक्य तिच्या फार ओळखीचं होतं. यंत्राच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं एवढंच. आत्ता नको, परीक्षा होऊ दे. आत्ता नको, अजून लहान आहेस. बाबा टूना पकडायला लांबच्या समुद्रावर गेले होते तेव्हा ती पाच वर्षांची होती. बोटीवरून फोन यायचा, आवाज पाण्याखालून आल्यासारखा, आणि ती विचारायची, कधी येणार? पलीकडे आधी खरखर. मग, "अजून वेळ आहे गं." किती वेळ, ते कधी सांगितलं नाही. या मशीननं निदान आकडा तरी दिला!

पण थांब... पाच वर्षांची. अकरा वर्षांपूर्वी.

कोपऱ्यात घड्याळ होतं, नुसते तास आणि मिनिटं, अगदी बरोबर. त्यावर बोट नेलं तशी तारीख उघडली. दिवस बरोबर, महिना बरोबर, साल दोन हजार चौदा.

ती खुर्चीतून उठलीच. मशीन २०१४ मध्ये बसलंय! त्याच्या हिशेबानं आजची प्रत्येक गोष्ट अजून जन्मायचीय, मग ते विश्वास कसा ठेवणार? बरोबरच आहे त्याचं! पण साल बदललं कुणी? आतली बटणासारखी बॅटरी मेलेली, म्हणून रोज सकाळी ती स्वतः तारीख घालायची. नेटवरून वेळ घ्यायची सोयही तिनंच बंद केलेली, माझं मी बघेन म्हणून. आज मशीननं काही विचारलंच नाही, तर तिला वाटलं, शहाणं झालं...

मशीनच्या बाजूच्या पत्र्यावर अंगठा उमटला होता. काळा, ग्रीसचा.

बाबा.

परवा जेवताना माशाचा काटा काढता काढता ती म्हणाली होती, बॅटरी मेलीय. बाबा म्हणाले होते, "वर्षावर प्रवेशपरीक्षा आली आणि हिचं डबे उघडणं चाललंय." बस, एवढंच. आणि मग कधीतरी, ती घरात नसताना, ते खालच्या त्यांच्या स्कूटर-दुरुस्तीच्या गॅरेजमधून वर आले असणार, पत्रा उघडला, नवी बॅटरी बसवली, आणि मशीन चालू होतानाच्या निळ्या पडद्यासमोर एका बोटानं तारीख घातली असणार. साल विचारल्यावर त्यांनी त्यांचं साल घातलं — एकशे चौदा, इथलं प्रजासत्ताक झाल्यापासून मोजलेलं, म्हणजे दोन हजार पंचवीसच, जे ते स्कूटरच्या प्रत्येक पावतीवर लिहितात, जे खालच्या कॅलेंडरवर आहे, तिच्या शाळेच्या ओळखपत्रावरसुद्धा आहे. पडद्यावर दोनच आकड्यांची जागा होती. त्यांनी पुढचा एक गाळला आणि चौदा लिहिलं. मिनिटंसुद्धा जुळवून गेले, आणि अकरा वर्षं चुकले.

तिनं साल बदललं. हुकूम पुन्हा दिला. याद्या आल्या, एकापाठोपाठ एक, कुणी अडवलं नाही. पांढऱ्या ओळी अशा धावू लागल्या की तिचा श्वास त्यांच्या मागे पडला. होईल? अजून अर्धं व्हायचं होतं. पुढे आणखी काहीही फसू शकत होतं, चकती सभागृहातल्या डब्यांनी नाकारलीही असती. पण आता ती पहिली ओळ वाचणार होती.

"आ-छिंग!" खालून बाबांनी घरच्या नावानं हाक मारली. "चालतंय का ते?"

"चालतंय!"

खाली पाना वाजत राहिला.

"घड्याळ बघ जरा. बरोबर आहे ना?"

ती जिन्याच्या टोकाशी आली. खाली त्यांची पाठ दिसत होती, उघड्या इंजिनावर वाकलेली, मुद्दाम वर न बघणारी. सांगायला केवढं होतं! बाबा, तुम्ही मला पाच वर्षांची करून टाकलंत — हे हसत सांगता आलं असतं, आणि तेही हसले असते, च्या-मी तर लोळली असती. पण हसता हसता दुसरंच काहीतरी वर येत होतं. पाठ वळवून कामाला लागणारा हा माणूस, 'आत्ता नको' म्हणणारा हाच, गुपचूप वर येऊन तिच्या 'आत्ता'ला बॅटरी घालून गेला होता... आणि ती तर ठरवून बसली होती की हे सगळं तिचं एकटीचं आहे. नव्हतं. आणि नव्हतं म्हणून काही कमी झालं नव्हतं. उलट भरच पडली होती. तिनं कठडा धरला.

"अगं, बरोबर आहे ना?" बाबांनी पुन्हा विचारलं. या वेळी पाना थांबला होता.

ती एक पायरी उतरली. मग आणखी एक.