पायपेटीचे तीन सूर

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. शाळेच्या अडगळीत खराट्यांमागे उभी आहे, तीच मी. भाता फाटला, दोन पट्ट्या बोलेनाशा झाल्या, पण आठवणी शाबूत आहेत.

जपानातल्या आकिताच्या डोंगराकडेच्या या शाळेत मी चाळीस वर्षं तिसरीच्या वर्गात काढली. माझे तीन सूर वाजले की वर्ग सुरू. पहिल्याला उभं राहायचं, दुसऱ्याला वाकायचं, तिसऱ्याला सरळ व्हायचं. सगळा गाव याच सुरांवर वाढला.

मला वाजवणाऱ्या कुवाबारा बाईंची तऱ्हाच न्यारी! कितीही कालवा झाला तरी त्या ओरडत नसत. मला हळू वाजवत, मग आणखी हळू. ते ऐकायला पोरं आपसूक गप्प होत. काय ती हातोटी!

चिझुरु नावाची एक पोर मात्र त्यालाही बधेना. बाकांवरून धावायची, शेजारणीच्या वह्या भिरकावायची, मला लाथा घालायची. बाई म्हणाल्या, "पायांना काम हवंय ना? ये, भाता तू मार." तेव्हापासून लाथा भात्यात जाऊ लागल्या. तरी अधूनमधून भडका उडायचाच.

पालकांनी तगादा लावला. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, शनिवारी पालक वर्ग बघायला येतील. तेव्हा गोंधळ झाला, तर सोमवारपासून ही पोरगी वेगळ्या खोलीत एकटी बसेल."

शनिवारी मुख्याध्यापकांसह सगळे पालक वर्गात मागे उभे राहिले, आणि सुरू झाल्या त्यांच्याच गप्पा!

"काय ओनोदेरा, लोणच्याच्या मुळ्यांना धुरी दिलीत का यंदा?"

"कसली धुरी! लाकडंच ओली!"

बाईंनी मला हळू वाजवलं, आणखी हळू वाजवलं. मागे ढिम्म! मोठ्या माणसांना दटावणार तरी कसं? बाईंचा चेहरा पडला.

तेवढ्यात चिझुरु ताडकन उठली. मला वाटलं, गेली ही पोर आता! ती थेट माझ्याकडे आली, भाता मारला आणि तीन सूर वाजवले. पहिल्याला मागे टाचा जुळल्या. दुसऱ्याला ओनोदेरांसकट सगळे पालक कमरेत वाकले. मुख्याध्यापकसुद्धा! तिसऱ्याला सरळ झाले, तेव्हा एकेकाचे चेहरे बघण्यासारखे होते.

"आता गप्प उभे राहा," चिझुरु म्हणाली. "बाई शिकवतायत."

सोमवारी ती आपल्याच बाकावर होती. वाकलेल्यांना बोलायला तोंड कुठे होतं!

मित्रांनो, वर्गात कुणी लाथा झाडत असेल, तर त्याला हाकलण्याआधी काहीतरी काम देऊन बघा. आणि जमलं तर माझा भाता शिवा, धूळ पुसा. खालच्या फळीवरच्या चिझुरुच्या लाथांच्या खुणा मात्र तशाच राहू द्या.