ब्रॅकेटची कोणती बाजू खाली?

मी एक जुना हाइट गेज आहे आणि मित्रांनो, मी कोणावरही चटकन विश्वास ठेवत नाही. विश्रांतवाडीतल्या एका छोट्या कारखान्यात, काळ्या ग्रॅनाइटच्या सपाट ओट्यावर मी उभा असतो. समोर ठेवलेल्या वस्तूचं भोक ओट्यापासून नेमकं किती उंच आहे ते मी सांगतो. संशय घेणं ही माझी नोकरीच आहे. मी घडलो तेव्हा माझीही रेघन्‌रेघ तपासली गेली होती, आणि ते मला आवडलं होतं.

सव्वीस वर्षं मला ज्ञानदेवकाकांनी वापरलं. ते धानोरीचे. रोज सकाळी घरून आणलेल्या मऊ फडक्याने मला पुसायचे, तेलाचा हात फिरवायचे. ओट्यावर कोणी चहाचा कप टेकवला की विचारायचे, "ही टपरी हाय का?" फक्त त्यांच्यावर मी कधी संशय घेतला नाही.

मागच्या महिन्यात दवाखान्याच्या खाटांचे साठ ब्रॅकेट परत आले. भोकं जुळेनात, बोल्ट बसेनात. मालक पृथ्वीराजसाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हातारा चुकीचं सांगतोय. शनिवारी भंगारात द्या." काकांनी नुसतं फडक्याची घडी करून ते खिशात घातलं. मला फार वाईट वाटलं, आणि पहिल्यांदाच त्यांचाही संशय आला.

शुक्रवारी नवी तपासनीस तनुजा ड्रॉइंग घेऊन आली. हिला माझ्या जागी नवा डिजिटल गेज हवा असणार, हे मी आधीच ओळखून होतो. तिने मला मापाच्या ठोकळ्यांवर तपासलं.

"काका, हा तर बरोबर दाखवतोय. तुम्ही ब्रॅकेट कसा ठेवता?"

काकांनी रुंद बाजू खाली आणि अरुंद बाजू वर ठेवली. अरुंद बाजूवर ब्रॅकेट डुगडुगतो, म्हणून ही इथली जुनी पद्धत.

"पण ड्रॉइंगवर जिथून मोजायचं ती 'ए' बाजू म्हणजे ही अरुंद बाजू आहे," तनुजा म्हणाली. "भोकाचा मध्य या एवढ्याशा वर्तुळात हवा, आणि ते वर्तुळ 'ए'पासून मोजायचं. खाटेला तीच बाजू टेकते ना."

तिने ब्रॅकेटला आधार देऊन तो अरुंद बाजूवर उभा केला. मी मोजलं. मध्य वर्तुळाच्या बाहेर होता. पूर्वी ब्रॅकेटची एकूण उंची नेमकी यायची, म्हणून उलटं मोजूनही निभावून जायचं. या खेपेला उंचीच जास्त झाली होती, त्यामुळे रुंद बाजूपासून बरोबर आलेलं भोक 'ए'पासून लांब पडलं होतं.

"साहेबांना तुम्हीच सांगा," एवढंच म्हणून ती गेली.

शनिवारी दारात भंगारवाल्याची हातगाडी लागली. काकांनी मला पुसलं आणि उचललं. झालं, मी मनात म्हणालो, हेही तसलेच निघाले. पण ते थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, गेज बरोबर हाय. ब्रॅकेट मीच उलटा ठेवत होतो."

"सव्वीस वर्षं?"

"सव्वीस वर्षं."

साहेब उठून दाराशी गेले. मग त्यांनी हातगाडी परत पाठवली.

आता माझ्या मागच्या भिंतीवर काकांच्या अक्षरात एक पाटी आहे: 'मोजण्याआधी "ए" बाजू शोधावी. गेजला दोष नंतर द्यावा. चहा बाहेर प्यावा.'

मित्रांनो, आम्हा जुन्या साधनांना पुसत जा, जपत जा. संशय आला तर आम्हाला जरूर तपासा, पण आपण कुठून मोजतोय तेही एकदा बघा. मीही तनुजाला उलट्या बाजूनेच मोजलं होतं. काका हल्ली ब्रॅकेट ठेवताना दोनदा बघतात. तिसऱ्यांदा मी बघतो.