मोज्यात जपलेला पट्टा

मित्रांनो, मी मनगटावर बांधायचा एक जुना पट्टा आहे. मी वेळ सांगत नाही, गाणी वाजवत नाही. हात हलला की मला कळतं आणि मी नोंद ठेवतो, एवढंच माझं काम. कारखान्यात माझे भाऊबंद ढिगाने तयार झाले, पण माझं नशीब उघडलं ते मुलांच्या दवाखान्यात. मुलं किती हालचाल करतात आणि त्याचा तब्येतीशी काय संबंध आहे, याचा तिथे शोध चालला होता.

मी ज्या मुलीच्या वाट्याला आलो, तिला घरी सगळे भिंगरी म्हणत. तिचा पाय एका जागी ठरत नसे, पण तिला दमा होता. तिला धाप लागली की आईचा जीव टांगणीला लागे. शाळेच्या धावण्याच्या संघात तिला घालायचं की नाही, हे माझ्या नोंदींवरून ठरणार होतं.

मला बांधताना डॉक्टर म्हणाले, "महागाची वस्तू आहे हं, जपून वापर."

भिंगरीने ते फारच मनावर घेतलं. मैदानावर जायच्या आधी ती मला काढायची, स्वच्छ मोज्यात गुंडाळायची आणि दप्तराच्या तळाशी ठेवायची. खेळून, हात धुऊन आली की मी पुन्हा मनगटावर. एवढे लाड माझे कोणी केले नव्हते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचे. पण बाहेर मुलांचा गलका चाललेला असायचा, आणि मला हात असते तर मी ते चोळत बसलो असतो.

काही महिन्यांनी तपासणी झाली. भिंगरीची छाती पूर्वीपेक्षा मोकळी निघाली. डॉक्टरांनी माझ्या नोंदी पाहिल्या आणि आईला म्हणाले, "मैदानाच्या वेळेतसुद्धा बसूनच असते पोरगी. म्हणजे आराम मानवलाय तिला. धावण्याचं राहू द्या."

आईला हायसं वाटलं. भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. सगळं ठाऊक असून मला बोलता येईना, याचं फार वाईट वाटलं.

नोंदी तपासणारी ताई मात्र पडद्यावरची सपाट रेघ निरखत होती.

"डॉक्टर, बसलेलं मूल इतकं गप्प नसतं हो. नाक खाजवतं, वेणीशी खेळतं. इथे तर काहीच नाही." मग ती भिंगरीकडे वळली. "तेव्हा हा कुठे असतो गं?"

"मोज्यात," भिंगरी पुटपुटली. "पळताना तुटला असता ना. डॉक्टरकाकांनीच जपायला सांगितलं होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चुकलं माझं," ते म्हणाले.

"म्हणजे तू रोज पळत होतीस?" आईने विचारलं.

"रोज. दम लागला की थांबते, पंप घेते, मग परत पळते."

"मग छाती मोकळी झाली ती आरामाने नाही, पळण्यानेच," डॉक्टर म्हणाले. आईने मला उचललं आणि स्वतःच्या हाताने भिंगरीच्या मनगटावर बांधलं. "आता काढू नकोस," ती म्हणाली.

ताईने बाकीच्या मुलांनाही विचारलं. कोणाचा पट्टा कंपासपेटीत निघाला, कोणाचा आईच्या कपाटात. सगळ्या नोंदी पुन्हा घ्याव्या लागल्या.

त्यानंतर मी भिंगरीबरोबर पुष्कळ पळालो, पडलो, खरचटलो. आता माझी काच तडकली आहे आणि मी खणात पडून असतो. मित्रांनो, मला जपायचं तर हातावर ठेवूनच जपा. ओरखडा आला तर येऊ दे. तुम्हाला पळताना पाहून एका आईची जरी भीती गेली, तरी माझ्या जन्माचं सार्थक झालं.