चंद्रापुरती सही

अर्जासोबत नऊ तारखांची यादी होती. धर्माबादच्या ईश्वरप्पांनी ती स्वतःच्या हातानं लिहून दिली होती. गल्लीपलीकडचा खाजामियाँ या नऊ संध्याकाळी दुर्बीण घेऊन गच्चीवर होता, तोंड पश्चिमेला, म्हणजे रेल्वे लाईनकडे. नंतर त्याला परदेशातून फोन येतो. चौकशी व्हावी.

ठाण्याच्या गोपनीय शाखेतली शिपाई वर्षाराणी भौतिकशास्त्राची पदवीधर होती. यादी दिसली की तिला वजाबाकी केल्याशिवाय राहवत नसे. तिनं लगतच्या तारखांमधले दिवस मोजले. एकोणतीस, तीस, एकोणतीस, तीस, तीस, पुढेही तसंच. एवढ्या नेमानं इथून काय जातं? तिनं स्टेशनात जाऊन मालगाड्यांच्या वेळा तपासल्या. काहीच जुळलं नाही. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली. नऊपैकी प्रत्येक तारीख अमावास्येनंतर एक-दोन दिवसांतली होती.

"चंद्र बघतो म्हणे," तिनं सांगितल्यावर ठाण्याचे साहेब म्हणाले. "आणि फोन? तो चंद्रावरून येतो का?"

खाजामियाँची नात हुमा नर्स होती. मस्कतच्या दवाखान्यात तिची निवड झाली होती आणि पासपोर्टची पडताळणी याच अर्जापायी अडली होती. रुजू व्हायची मुदत संपत आली होती. अहवाल उद्या सकाळी द्यायचा होता.

"साक्षीदाराची सही घे," साहेबांनी बजावलं. "पण त्यांच्या गल्लीतल्याची नको. आपल्यातल्याची घे."

त्या दिवशी पाडवा होता, आणि एकोणतिसावा रोजाही. वर्षाराणी सहाच्या सुमारास पोचली तेव्हा खाजामियाँ गच्चीवरच होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.

"म्याडम, बसा. सणाच्या दिवशी बी ड्युटी का तुम्हाला?"

"चाचा, दुर्बीण कुठून आणली?"

"हैद्राबादहून. चोर बाजार. पावती न्हाई, ते बी लिहून घ्या."

तिनं लिहून घेतलं.

सूर्य बुडाला. अजान झाली, खाजामियाँनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले. तेवढ्यात फोन वाजला. जेद्दाहून पुतण्या यासेर.

"स्पीकरवर टाका," वर्षाराणी म्हणाली.

"चाचा, ईद मुबारक. आमची झाली आज. तुमचं काय?"

"आम्ही अजून आभाळ बघून राहिलो."

"झाली म्हणा की तुम्ही बी."

"तुझ्या जेद्दात दिसला तर मला काय त्याचं? मला धर्माबादच्या आभाळात दिसाय पाहिजे." त्यांनी फोन ठेवला. "दर महिन्याला हेच. मला चिडवायला करतो."

वर्षाराणीनं नंबर आणि वेळ टिपली. हे सगळं खरं असेल, आणि खरं असूनही त्याच्या आड दुसरं काही असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. ते आपल्याच मनात आलं की साहेबांच्या आवाजात, हे तिला नीट सांगता आलं नसतं.

चंद्र सव्वीस तासांचा असणार, असा तिनं हिशेब मांडला होता. म्हणजे दिसायला हवा. खाजामियाँनी दुर्बीण फिरवली, डोळे पुसले, पुन्हा फिरवली. मग तिच्या हातात दिली.

सहा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी तिला तो दिसला. नखाच्या कडेएवढा, आडवा.

"दिसला, चाचा. त्या टाकीच्या वर, थोडा डावीकडं. मशिदीच्या चांद कमिटीला कळवा."

"काय कळवू? मला कुठं दिसला?"

"मला दिसला ना."

ते ओशाळून हसले. "तुमची गवाही चालत न्हाई, म्याडम."

"का? खोटं बोलून राहिले का मी?"

"न्हाई हो. तुमची नजर माझ्यापेक्षा तेज हाय. पण गवाही आपल्यातल्याची लागते."

'आपल्यातल्याची' हाच शब्द वर्षाराणी सकाळी ठाण्यात ऐकून आली होती.

खाजामियाँच्या बीबी रईसाचाची जिना चढून आल्या, नुसत्या डोळ्यांनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "हा काय." शेजारच्या दोन गच्च्यांवरूनही तेच आलं. खाजामियाँ कमिटीला फोन लावू लागले.

समोर ईश्वरप्पा गुढी उतरवायला आले होते. काठी तशीच धरून ते इकडेच बघत होते.

"काका," वर्षाराणीनं हाक मारली, "त्या टाकीवर काय दिसतं?"

ते बराच वेळ बघत राहिले. "चंद्र हाय की. पाडव्यालाच दिसला?"

ती खाली उतरून त्यांच्या घरी गेली. खाजामियाँ नेमकं त्या चंद्राकडेच बघत होते, तेवढी सही द्या, म्हणाली.

"चंद्र दिसला म्हणून देतो," ईश्वरप्पा म्हणाले. "माणसाची देणार न्हाई."

"चंद्राचीच द्या."

तिनं वेळ, दिशा, टाकी, चंद्र असं लिहिलं आणि खाली त्यांनी सावकाश सही केली. त्यावर, शेऱ्याच्या रकान्यात, तिनं 'संशयास्पद नाही' लिहून स्वतःची सही केली. साहेब उद्या कागद परत फेकतीलही. तरी पडताळणी आता तिच्या सहीनं पुढे जाणार होती आणि ती सही तिला खोडता येणार नव्हती.

ईश्वरप्पांनी कॅलेंडरमागून त्या यादीची घडी घातलेली नक्कल काढली. नऊ तारखांखाली दहावी लिहिली. मग पेन तसंच धरून त्यांनी विचारलं,

"म्याडम, तुमचं पूर्ण नाव काय?"